चाकासमोरचं स्टूल

तिचं वय शेहेचाळीस, तरी गल्लीत लहानथोर सगळे तिला छोटीच म्हणत, कारण दादा तसं म्हणायचा. वडील गेले तेव्हा ती नऊ वर्षांची होती आणि दादा एकोणीसचा. त्याने कॉलेज सोडलं, वडिलांचं खडे घासायचं चाक ताब्यात घेतलं, तिची शाळा सुटू दिली नाही, तिच्या वेण्या घातल्या, तापात उशाशी बसला. हे तिला कुणी विसरू दिलं नाही आणि खरं सांगायचं तर तीही विसरली नव्हती. सतराव्या वर्षी ती त्याच्या शेजारी चाकावर बसली. लग्नाच्या गोष्टी दोनदा निघाल्या नि दोनदा बारगळल्या. कुणामुळे, ते आता घरात कुणालाच नीट आठवत नव्हतं.

कारखाना म्हणजे घरामागची एकच खोली. खिडकी एक, तीही डोक्याच्या वर, तिच्या जाळीवर पांढऱ्या भुकटीचा थर. बाहेर पडायचं तर पुढच्या दुकानातून, दादाच्या काउंटरसमोरून जावं लागे. "कुठे निघालीस?" एवढंच तो विचारी. आवाजात दरडावणी नसे, साधी चौकशी असे. पण रोजच चौकशी व्हायला लागली की माणूस हळूहळू निघायचंच सोडून देतं. छोटीचं तसं झालं होतं.

सहा वर्षांपूर्वी दादाच्या नजरेचा मधलाच भाग गेला. कडेकडेचं दिसे, त्यामुळे तो चाले, फिरे, गिऱ्हाइकाला चालीवरून ओळखी. पण हातातला खडा काही दिसेना. डॉक्टरांनी हात टेकले. त्या दिवशी घरी आल्यावर तो तिला म्हणाला, "चार दिवस तू एकटी सांभाळ. मग बघू." ते चार दिवस अजून चाललेच होते. खडे ती घडवी, आणि पुढे दुकानात दादा एकेक खडा बोटांत फिरवत गिऱ्हाइकाला सांगे, "याला मी तीन दिवस दिलेत." आख्ख्या पेठेत त्याच्या हाताचं नाव होतं. खरं काय ते फक्त छोटीला आणि वहिनीला माहीत, आणि वहिनी त्या विषयावर तोंड उघडत नसे.

मग एक पत्र आलं. छोटीची शाळेतली मैत्रीण वाचनालयात होती. तिच्या ओळखीने दुसऱ्या शहरातल्या एका कलाशाळेने छोटीला विचारलं होतं की खडेकाम शिकवायला याल का? राहायला एक खोलीही होती, समोर मैदान असलेली. सात महिन्यांनी रुजू व्हायचं. छोटीने ते पत्र मेणाच्या डब्याखाली ठेवलं आणि दोन दिवस कामात चुका केल्या.

आपण गेलो तर चाकासमोरच्या स्टुलावर कोण बसणार, हा एकच प्रश्न होता. बाहेरचा माणूस ठेवावा तर दादाच्या डोळ्यांची गोष्ट गावभर होणार. विचार करकरून तिने दादाला सांगितलं की मैत्रिणींना रविवारी दुपारी जरा खडे घासायला शिकवते. तो म्हणाला, "शिकव की. तुझाही वेळ जाईल." तिच्या डोक्यात खरं काय होतं, ते तिने कुणालाच सांगितलं नाही, मैत्रिणींनाही नाही.

तिघी आल्या. वाचनालयवाली, कपडे शिवणारी, आणि एक नर्स, जिने नुकतीच नोकरी सोडली होती आणि मुलगा-सुनेच्या दोन खोल्यांत दिवस कुठे काढावा या विवंचनेत होती. छोटीने त्यांना कॅबोशॉनपासून सुरुवात करून दिली. पैलू नसलेला, खालून सपाट नि वरून घुमटासारखा गुळगुळीत खडा. अकीक दगडाच्या चकतीवर साचा ठेवून लंबगोल आखायचा, जास्तीचं कापून टाकायचं, लाख तापवून तुकडा काडीच्या टोकाला चिकटवायचा आणि पाण्याच्या धारेखाली चाकावर धरायचा. "हात थांबवायचा नाही," ती सांगे. "थांबलात की तिथे सपाट झालंच म्हणून समजा."

पहिल्या रविवारचे खडे बघून शिवणवालीने स्वतःच सांगून टाकलं की आपला खडा न्हाणीघरातल्या संपत आलेल्या साबणासारखा दिसतोय आणि वासही तसाच येतोय का बघा. वाचनालयवालीने प्रत्येक तुकड्याला चिठ्ठी लावली, तारीख घातली, आणि घासता घासता दोन खडे पाण्याबरोबर मोरीत घालवले. तिघींचे पदर नि ओढण्या पांढऱ्या झाल्या. बऱ्याच वर्षांनी त्या खोलीत चाकापेक्षा हसण्याचा आवाज मोठा होता. छोटीही हसत होती, पण हसता हसता तिची नजर तिघींच्या बोटांवर होती.

पुढे तारकाम आलं. तांब्याच्या चार तारा शेजारी शेजारी धरून बारीक तारेने बांधायच्या, खड्याभोवती वळवायच्या, वर गोल तोंडाच्या पकडीने कडी काढायची. खड्याला भोक नाही, डिंक नाही. यात शिवणवाली सगळ्यांना मागे टाकून गेली. काठ कसा दुमडायचा ते तिच्या बोटांना ठाऊकच होतं. चाकावर मात्र नर्सचा हात बसला. खडा धरायची तिची तऱ्हा बघून छोटीला पहिल्याच महिन्यात कळलं होतं, की हीच.

चौथ्या महिन्यात तिने नर्सला चंद्रकांताचा तुकडा दिला. या दगडात दुधाळ उजेड लपलेला असतो. तुकडा बरोबर दिशेने कापला तर तो उजेड घुमटाच्या मधोमध रेघेसारखा उभा राहतो, चुकला तर कडेला घसरतो. छोटीला हे जमायला तीन वर्षं लागली होती. नर्सने तुकडा दिव्याखाली बराच वेळ फिरवला, खूण केली, आणि तिसऱ्या दिवशी पॉलिश करून आणला तेव्हा रेघ मधोमध होती. छोटीला फार आनंद झाला. सुटले, असं तिच्या मनात आलं.

दादाने तो खडा अंगठ्याखाली फिरवला आणि म्हणाला, "छोटीचा हात." तिने सांगितलं की हा नर्सचा आहे. त्याने खडा पुन्हा एकदा बोटांत फिरवला आणि काउंटरच्या खणात ठेवला. पुढच्या रविवारी स्टुलावर नवी उशी होती, आणि तो चौघींचा चहा घेऊन स्वतः मागे आला. नर्सला म्हणाला, "घरी बसून काय करतेस? चार दिवस रोज येऊन बस इथे. मग बघू."

तेच शब्द, तोच मऊ सूर. सहा वर्षांपूर्वी आपल्यालाही हा सूर मायेचाच वाटला होता, हे तिला आठवलं.

नर्स रोज येऊ लागली. घरातून बाहेर पडायला मिळालं म्हणून ती खूश होती. छोटीने काही सांगितलं नाही. सांगायला हवं हे कळत होतं, पण कॅलेंडरावर दोनच महिने उरले होते, आणि रोज सकाळी ती स्वतःला आजचा दिवस माफ करी. मग एका दुपारी पुढे जुनं गिऱ्हाईक आलं. मागे दोघींना स्पष्ट ऐकू आलं, दादा तोच चंद्रकांत दाखवत सांगत होता, "माझ्या हातचा आहे."

नर्सने चाक बंद केलं. "तुझे किती गेले असे?" तिने विचारलं.

"सहा वर्षांतले सगळे," छोटी म्हणाली. मग दादाचे डोळे, पत्र, मैदानासमोरची खोली, एकदा बोलायला लागल्यावर तिला थांबता येईना. "मी तुला माझ्या जागी बसवायला शिकवत होते," ती म्हणाली.

नर्सने बादलीत हात धुतले, नखांतली भुकटी काढली, हात पुसले. "मला आधी विचारलं असतंस तर कदाचित हो म्हटलं असतं," ती म्हणाली. "आता नाही जमायचं." ती दुकानातून निघून गेली. तिला कुणी कुठे निघालीस विचारलं नाही.

त्या रविवारी कुणीच आलं नाही. छोटीने मग धीर करून दादाला पत्राचं सांगितलं. तो रागावेल अशी तिने तयारी केली होती. तो रागावला नाही. "जा," म्हणाला. "मी कधी अडवलंय तुला?" आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ती आंघोळ करून आली तर तो चाकावर बसलेला. मान तिरकी करून, काडी चाचपत, खडा चाकाला लावत होता. पाण्याच्या धारेत लाली दिसल्यावर तिने बटण बंद केलं. दोन बोटांची टोकं सोलली होती. पट्टी बांधताना ती म्हणाली, "निदान माझ्या हातचा म्हणून सांगणं तरी सोड, दादा. छोटीने केलाय म्हण."

त्याने बोटांकडे बघितलं, म्हणजे बघितल्यासारखं केलं. "मग माझ्याकडे काय राहिलं?" त्याने विचारलं.

त्याने ते नाटक म्हणून विचारलं असतं तर तिला बरं वाटलं असतं. तिने आठवड्याभराने कलाशाळेला नकार कळवला. वहिनीने त्या दिवशी तिच्या आवडीची भाजी केली आणि वाढताना तिच्याकडे पाहिलं नाही.

नर्स दोन महिन्यांनी परत आली, रविवारी, इतर दोघींबरोबर. शिवणवालीने तिला ओढून आणलं होतं. झाल्या गोष्टीबद्दल कुणी काही बोललं नाही. नर्स तारकामाला बसली. स्टुलाकडे ती फिरकली नाही, आणि छोटीनेही तिला बोलावलं नाही.

कलाशाळेला दुसरं कुणी मिळालं. त्यांनी मात्र विचारलं, मुलांना दाखवायला नमुन्याचे काही खडे पाठवाल का? छोटीने अकरा निवडले. कापसात बसवले, प्रत्येकाखाली चिठ्ठी ठेवली, आणि चिठ्ठीवर आपलं पूर्ण नाव लिहिलं. लिहायची सवय नव्हती, पहिल्या तीन चिठ्ठ्यांवर शाई फराटली, त्या तिने फाडून पुन्हा लिहिल्या.

खोकं घेऊन ती दुकानात आली तेव्हा काउंटरवर एक गिऱ्हाईक बसलं होतं. दादाने कागदाची सळसळ ऐकली. त्यात काय आहे, म्हणून विचारलं.

"माझे खडे आहेत," ती म्हणाली. गिऱ्हाइकाने मान वर केली.

दादाने हात पुढे करून खोकं चाचपलं. "चंद्रकांत घातलास त्यात?"

"दोन घातलेत."

"रेघ मधोमध आहे ना?"

"आहे."

"मग नीट बांध. तिकडे पोचेपर्यंत आपटतील," तो म्हणाला, आणि गिऱ्हाइकाकडे वळला. ती पोस्टात जाऊन आली. अर्ध्या तासात परत स्टुलावर होती, कारण दोन अंगठ्यांचे खडे संध्याकाळपर्यंत द्यायचे होते.