वाळ्याच्या पडद्याआडचं व्हेनिस

लग्न झाल्याबरोबर नवऱ्यासोबत रोम, व्हेनिस, कैरो, अथेन्स आणि इस्तंबूल ही शहरं पाहिलेली आमच्या घराण्यातली मी पहिली स्त्री. हे स्पष्ट सांगून ठेवते, कारण पुढे आमच्यातल्या दोघीतिघी काशीला जाऊन आल्या आणि कौतुक त्यांचंच झालं. माझा प्रवास एका चैत्रातल्या काही दुपारी झाला, आणि त्यातला सर्वांत लांबचा टप्पा म्हणजे देवासातला एक रस्ता ओलांडणं.

तो रस्ताही अगदीच साधा नव्हता. देवासात तेव्हा दोन राज्यं होती, थोरली पाती आणि धाकटी पाती, आणि दोन्ही एकाच गावात नांदत. आमचं घर धाकट्या पातीत, समोरच्या सरदारांची हवेली थोरल्या पातीत. भाजी आणायला निघालेला माणूस सहज परराज्यात जाऊन परत येई. त्यामुळे मी परदेशी गेले होते असं म्हटलं, तर कायद्यानं कुणाला हरकत घेता येणार नाही.

मी धारची. वडील संस्थानच्या नोकरीत होते; त्यांनी मला वाचायला शिकवलं आणि मग मी काय वाचते हे बघायचं सोडून दिलं. फाल्गुनात लग्न होऊन देवासला आले. हे शाळेत मास्तर होते आणि दुपारी सरदारांना इंग्रजी शिकवायला जात. आमच्या घराच्या खोल्या दोन. एकीत सासूबाई, वन्सं आणि मी. दुसरीत हे आणि दोघे दीर. वडीलधाऱ्यांसमोर नवराबायकोनं बोलायचं नाही अशी रीत होती, आणि वडीलधारे नाहीत अशी जागाच घरात नव्हती. लग्नानंतरच्या पहिल्या महिन्यात ह्यांनी दिवसाउजेडी माझ्याशी काढलेलं सर्वांत लांब वाक्य म्हणजे, "पाणी हवं होतं." तेही भिंतीकडे बघून.

त्या वर्षी सरदारांनी विलायतेला जायचं ठरवलं. आधी तिकडची माहिती असावी म्हणून त्यांनी मुंबईहून एक सैरबीन मागवली. दोन भिंगांची चौकट डोळ्यांना लावायची, समोरच्या काडीवर जोडचित्राचा पुठ्ठा अडकवायचा, की चित्र सपाट न राहता खोल होत जातं. पुढचे खांब पुढे येतात, मागची घरं मागे सरतात, आणि मध्ये एवढी मोकळी जागा उरते की पाय टाकावासा वाटतो. सरदारांच्या बाईसाहेबांनी दोन्ही पातींतल्या बायकांना ती बघायला बोलावलं. शहरांची माहिती सांगायला आमचे मास्तर, अर्थात पडद्याआडून.

तो पडदा वाळ्याचा होता. बाहेरून त्यावर पाणी शिंपडत. आत गारवा, हिरवट अंधार आणि ओल्या मुळांचा वास. त्या वासातून ह्यांचा आवाज आला तेव्हा मी प्रथम तो नीट ऐकला. घरात एकदोन शब्दांत उरकणारा हा माणूस पडद्यापलीकडे लांब, सावकाश वाक्यं बोलत होता. "इथं सकाळ उशिरा होते," ते म्हणाले, "कारण धुकं पाण्यावरून उठायला तयार नसतं." हे वाक्य सरदारणींसाठी नव्हतं. सकाळी लवकर उठवल्याबद्दल मी वन्संजवळ कुरकुरले होते, ते ह्यांनी ऐकलं असावं.

एक अडचण मात्र होती. सैरबीन मानाप्रमाणे फिरे. आधी बाईसाहेब, मग त्यांच्या जावा, मग कारभाऱ्यांची बायको, मग फौजदारीणबाई, असं करत दाराशी बसलेल्या मास्तरणीपर्यंत, म्हणजे माझ्यापर्यंत. मानकरी बाई सावकाश बघत, कारण भरभर बघणं हे कमी मानाचं लक्षण. ह्यांचं बोलणं बाईसाहेबांच्या डोळ्यांबरोबर चाले. त्यामुळे व्हेनिसचं वर्णन मी रोम बघत ऐकलं आणि कैरोचं वर्णन व्हेनिस बघत.

माझ्या मनात म्हणून ही शहरं आजतागायत जागच्या जागी गेलेली नाहीत. माझ्या रोममध्ये पडक्या कमानींखालून पाणी वाहतं आणि होडीवाले गात जातात. माझं व्हेनिस वाळवंटात आहे. चुकीचं आहे हे मला ठाऊक आहे. पुढे बरोबर चित्रं पाहिली, ती मला फिकी वाटली.

प्रश्न विचारायचे तर तेही मानानं, फक्त उलट्या वाटेनं. मी फौजदारीणबाईंना सांगायचं, त्यांनी कारभारीणबाईंना, असं करत बाईसाहेबांपर्यंत. त्यांना योग्य वाटलं तर त्या दासीला खूण करत, आणि दासी पडद्याशी जाऊन माळवीत ओरडे. एकदा हे पिरॅमिडांविषयी गंभीरपणे बोलत होते, तेव्हा व्हेनिसच्या बायका भाजी आणायलाही होडीनंच जातात का, हा माझा प्रश्न तिथं पोचला.

"माटसाब, पूछे हे के वां बायरां नाव में बैठी ने साग लेवा जाय?"

मग हे म्हणाले, "नाईलला पूर आला की जातात." आवाजात हसू होतं. ते मला ओळखू आलं, आणि विचारणारी कोण हे त्यांनाही. त्या दिवसापासून आमचा संसार सुरू झाला असं मी धरते.

दुपार येईपर्यंत मी निसटत्या मनानं भांडी घाशी. सासूबाई म्हणत, "सूनबाईचं ध्यान कुठं असतं कोण जाणे." ते अथेन्सला असे.

मग बातमी आली की सरदार ह्यांना दुभाषा म्हणून वर्षभर बरोबर नेणार. घर आनंदलं. सासूबाईंनी टेकडीवरच्या देवीची ओटी भरली, दीर बोटीचे प्रकार सांगू लागले. मला कुणी विचारलं नाही. विचारायची पद्धतच नव्हती. ह्यांनी अजून होकार दिला नव्हता, हे मला एवढ्यावरून कळलं की सरदारांचा माणूस रोज विचारायला येई.

शेवटच्या दुपारी इस्तंबूल होतं. माझ्या हातात अथेन्स होतं, उन्हात पांढरं झालेलं टेकडीवरचं देऊळ. जरा आधी त्याच टेकडीविषयी ह्यांनी श्रोत्यांना विचारलं होतं, की इतक्या उन्हात प्रवाशानं वर चढून जावं, की खालूनच हात जोडावेत? मी माझं मत फौजदारीणबाईंच्या कानात सांगितलं होतं आणि ते मानाच्या वाटेनं वर निघालं होतं.

आता हे इस्तंबूलच्या घुमटांवरून बोलता बोलता थांबले. मग त्याच सावकाश आवाजात म्हणाले, "या शहरात एक प्रवासी यायचा होता. त्याचं नवं लग्न झालेलं होतं. निघण्यापूर्वी त्यानं बायकोला विचारलं, जाऊ का? ती काय म्हणाली असेल?"

मी फौजदारीणबाईंना म्हटलं, "म्हणावं, नको."

त्या कारभारीणबाईंकडे वळणार, एवढ्यात दासी पडद्याशी उभी राहून ओरडली, "माटसाब, वी के हे के जाणो चइये. इत्ती दूर अई ने पाछा कायकू फिरनो!"

ते माझंच उत्तर होतं, अथेन्सच्या टेकडीचं, आत्ता कुठं पोचलेलं: जावं, इतक्या लांब येऊन मागं का फिरायचं. मग हे म्हणाले, "ठीक." बाईसाहेब उठल्या, अत्तरगुलाब झाला, आणि त्या उठल्यावर कुणी बोलायचं नसतं. संध्याकाळी ह्यांनी सरदारांना होकार कळवला.

निघायच्या दिवसापर्यंत घर भेटायला येणाऱ्यांनी भरलेलं होतं. निरोपाच्या वेळी मी दारात पाया पडले. तेव्हा बोलायचं नसतं. ह्यांनी माझ्याकडे पाहिलं, ते पाठवणाऱ्या बायकोकडे बघावं तसं पाहिलं, आणि गाडी हलली. त्यानंतर मी एकदा हळदीकुंकवाला हवेलीवर गेले. पडदा कोरडा होता. वास नव्हता.

सरदारांची स्वारी मुंबईपर्यंत गेली. तिथं असं समजलं की बोटीवर जेवणाच्या जागा तिकिटांच्या क्रमानं आहेत आणि सरदारांची जागा इंदूरच्या एका कापडाच्या व्यापाऱ्याच्या खाली येते. सरदारांची प्रकृती एकाएकी बिघडली. अशा प्रकृतीला समुद्राची हवा मानवत नाही, असं ठरून सगळे माणसासामानासकट परत आले. मानाची पद्धत माझ्या उपयोगी पडली ती ही एकदाच.

वैशाखात जावईबापूंना धारला बोलावणं आलं. माझ्या वडिलांनी मांडवगड बघायला बैलगाडी दिली आणि सोबतीला आत्याबाई. आत्याबाई गडावर पोचल्यावर गाडीतून उतरल्याच नाहीत. गाडीवानाला म्हणाल्या, "भिया, छाया में लगा दे," आणि निजल्या.

आम्ही दोघं जहाजमहालाच्या गच्चीवर गेलो. दोन तलावांच्या मध्ये उभी असलेली ती लांबच लांब इमारत, पडक्या कमानी, कमानींतून उडणारी कबुतरं, आणि सगळ्यावर एक पांढरी झोप. मी हे शहर पाहिलं होतं. देवासात, वाळ्याच्या अंधारात, चुकीच्या आवाजासोबत पाहिलेलं माझं रोम ते हेच. हे माहिती सांगू लागले तेव्हा मी डोळे मिटून घेतले, कारण तो आवाज चेहऱ्यासकट ऐकायची मला सवय नव्हती.

मध्येच ते थांबले आणि म्हणाले, "तू जा म्हणालीस."

"ते अथेन्सला."

"मग इस्तंबूलला काय म्हणालीस?"

"नको म्हणाले."

"ते कुठं गेलं?"

"फौजदारीणबाईंच्या मांडीवर राहिलं."

ते हसले नाहीत. म्हणाले, "माझ्या मनात होतं, तू रडशील तरी. तर तू म्हणालीस, मागं का फिरायचं. मुंबईपर्यंत तेच ऐकत गेलो."

"आता विचारा."

"जाऊ का?"

"नको," मी म्हटलं. वारा होता, पण ते पोचलं.

पुढे सरदारांनी आणखी एकदा विलायतेचा बेत केला, तेव्हा ह्यांनी माणसाला दारातूनच परत पाठवलं. त्या दुपारी मात्र आम्ही बराच वेळ त्या जहाजावर उभे होतो. ह्यांनी मला मुंबईचा समुद्र सांगितला. मी डोळे मिटूनच तो पाहिला; अजूनही मला तेवढाच माहीत आहे. मग हे म्हणाले, "चल, पाण्याकडे उतरू," आणि आम्ही खाली गेलो.

दोन्ही तलाव कोरडे होते, हे वरूनही दिसत होतं. एकात काकड्या लावल्या होत्या.