लेखी नकाराची मागणी

तोंडी दिलेल्या नकाराला मी नकार मानत नाही. बोनकोड्यास झेरॉक्सच्या दुकानाच्या पायरीलगत माझे टेबल आहे आणि पाणीजोडणीपासून वारसनोंदीपर्यंतचे अर्ज मी तेथे आयुष्यभर लिहीत आलो आहे. माझे शिक्षण नववीत थांबले. तथापि माझा मसुदा वाचताना अधिकारी खुर्चीत सरळ होऊन बसलेले मी पाहिले आहेत. समोर बसणाऱ्या प्रत्येक अर्जदारास मी एकच गोष्ट सांगतो. साहेब नाही म्हणाले तर म्हणावे, तेवढे कागदावर द्या. कागदावरच्या नकाराविरुद्ध वर दाद मागता येते, हवेतल्या नकाराविरुद्ध कोठेही जाता येत नाही.

हेच तत्त्व मी माझ्या बहिणीच्या संसारासाठी वापरले, त्याची ही हकीकत आहे.

माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, म्हणजे आमचे दाजी, यांचा पावण्याच्या औद्योगिक वसाहतीत एक गाळा आहे. पाइपांच्या जोडात गळती होऊ नये म्हणून ज्या रबरी चकत्या बसवतात, त्या तेथे प्रेसवर कापल्या जातात. धंद्यात त्यांना गॅस्केट म्हणतात. दाजींनी या धंद्याची प्रायव्हेट लिमिटेड कंपनी केली तेव्हा कायद्याने दोन संचालक लागत होते. आक्का म्हणाली, मला असल्या सह्यांची भीती वाटते. म्हणून दुसरा संचालक मी झालो. माझ्या टेबलावरील पाटीवर अर्जलेखक या शब्दाखाली संचालक हा शब्दही मी रंगवून घेतला, आणि त्या शब्दाला शोभेल असेच वागण्याचा प्रयत्न केला.

गेल्या काही वर्षांत गाळ्याची स्थिती खालावली होती. सर्वांत मोठे गिऱ्हाईक निम्मा माल दुसरीकडून घेऊ लागले. प्रेस जुनी झाल्याने चकत्यांच्या कडा फाटत आणि माल परत येई. नव्या मशिनीसाठी दाजींनी पै-पै करून रक्कम बाजूला ठेवली होती, परंतु ती पुरेशी होईपर्यंत मशीन आणखी महाग झालेली असे.

"पाव्हणं, मशिनीची किंमत आपल्या म्होरं पळती," दाजी एकदा मला म्हणाले. "आन् पैसा बँकेत नुसता झोपलाय. शेजारच्या गाळेवाल्यानं क्रिप्टोत टाकला, आता दुसरा गाळा बघतोय. निम्मा टाकू आपण. निम्माच."

शेजाऱ्याने हा व्यवहार स्वतःच्या बचत खात्यातून, मोबाइलवर, जेवता जेवता केला होता. मी दाजींना म्हणालो, "पैसा कंपनीचा आहे. जायचा तर कंपनीच्या नावाने, कंपनीच्या खात्यातून, उघडपणे जाईल." दाजींना ते तत्काळ पटले. ज्या मनुष्याने उभ्या आयुष्यात कच्च्या बिलावर माल विकला नाही, त्याला चोरवाट मानवणारीच नव्हती.

कंपनीच्या चालू खात्यातून एक्स्चेंजकडे, म्हणजे ही चलने जेथे विकत मिळतात त्या संस्थेकडे, पाठवलेली पहिली रक्कम दुसऱ्या दिवशी परत आली. कारणाच्या रकान्यात काहीच नव्हते. म्हणून मी अर्ज लिहिला. विषय : कंपनीच्या चालू खात्यातून आभासी चलनात गुंतवणूक करण्यास परवानगी मिळणेबाबत.

शाखेच्या मॅनेजर ऐरोलीहून येणाऱ्या तिशीतल्या बाई होत्या. स्वभावाने वाईट नव्हत्या. त्यांनी अर्ज वाचला आणि चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"काका, विषयातच क्रिप्टो लिहिलंत? लोक व्हेंडर पेमेंट लिहून मोकळे होतात. मला कळत पण नाही."

"विषयात खरा विषय लिहितात, मॅडम."

"तेच तर टेन्शन आहे ना."

"हे बेकायदेशीर आहे काय?"

"असं मी कुठे म्हटलं?"

"सरकार याच्या नफ्यावर कर घेते."

"घेतं की."

"मग परवानगी द्या."

"तशी पण नाही देऊ शकत मी. तुमच्या कंपनीच्या मेमोरँडममध्ये बघा, कंपनी कशासाठी काढलीय? रबरासाठी. यात क्रिप्टो कुठेय? निदान बोर्डाचा ठराव तरी आणा."

ठरावासाठी संचालक मंडळाची सभा गाळ्यात भरली. दाजी रबराच्या गुंडाळीवर बसले, मी स्टुलावर. मी विषयपत्रिका वाचली, सूचना मांडली आणि ती आवाजी मतदानाने संमत झाल्याचे जाहीर केले. आक्का डबा घेऊन आली होती. ती दारातूनच म्हणाली, "दोघंच तर हायसा. आवाजी मतदान कशाचं घेताय? एकानं खोकला तरी ठराव पास." दाजी हसले. त्यांचे ते हसणे मी जपून ठेवले आहे, कारण त्यानंतरच्या दिवसांत ते फारसे हसले नाहीत.

ठराव दिल्यावर बँकेने रक्कम कोठून आली याचा दाखला मागितला. तो दिल्यावर सीएचे पत्र मागितले. ते दिल्यावर दोन्ही संचालकांची केवायसी नव्याने करायची निघाली. माझे वीजबिल घरमालकाच्या नावावर असल्याने तेथे पुन्हा खोळंबा झाला. प्रत्येक कागदावर मी आवक शिक्क्यासह पोच घेतली. पोच मिळत होती, उत्तर तेवढे मिळत नव्हते. वर पाठवलंय, सिस्टीममध्ये आहे, वरून मेल आला की कळवते, अशी तीन वाक्ये बाई आलटून पालटून बोलत. इकडे माल परत येणे वाढले. दाजी चकत्यांच्या फाटक्या कडा कात्रीने हाताने सारख्या करू लागले.

मी स्मरणपत्र दिले. नंतर दुसरे दिले. अखेरीस अंतिम स्मरणपत्रात लिहिले की, अर्ज मंजूर करावा, अथवा नामंजुरीचा सकारण लेखी आदेश द्यावा. आणि खाली, आमच्या व्यवसायातील रिवाजाप्रमाणे, 'प्रत माहितीसाठी सविनय सादर' असे लिहून बँकेचे विभागीय कार्यालय, मुख्य कार्यालयाचा तक्रार विभाग आणि बँकांवर देखरेख ठेवणारे कार्यालय अशी यादी जोडली. ज्या अर्जाखाली अशा प्रती नाहीत, तो अर्ज कपाटात जातो.

बाईंनी ते शेवटून वाचायला सुरुवात केली.

"काका, ह्या प्रती नका पाठवू. असंच राहू दे. कोणी विचारत नाही तोवर बरं असतं."

"नाही म्हणायचे असेल तर लिहून द्या, मॅडम. आमची तक्रार नाही."

त्या दाजींकडे वळल्या. "शेठ, तुम्ही तरी समजवा ना यांना."

"लिखापढीचं आमचं पाव्हणं बघत्यात," दाजी म्हणाले. त्या वाक्यात माझ्याविषयी केवढा विश्वास होता. मी त्याच दुपारी सर्व प्रती रजिस्टरने रवाना केल्या.

लेखी उत्तर आले. गाळ्याच्या पत्त्यावर, इंग्रजीत, विभागीय कार्यालयाच्या सहीने आले. प्रेस बंद करून दाजी हात पुसत जवळ आले, आक्काही आली आणि मी एकेक शब्द लावीत त्याचा अर्थ सांगितला. कंपनीच्या व्यवहारांचे स्वरूप बँकेच्या जोखीमविषयक धोरणात बसत नसल्याने चालू खाते बंद करण्यात येणार असून, ठरलेल्या मुदतीत शिल्लक रक्कम अन्यत्र न्यावी. नकार हा शब्द त्यात कोठेही नव्हता. क्रिप्टोचा उल्लेखही नव्हता.

"म्हंजी त्ये क्रिप्टो का काय त्ये मिळालं का नाय?" आक्काने विचारले.

"त्याबद्दल काही लिहिलेले नाही."

"आन् खातं?"

"खाते बंद करणार आहेत."

आक्काने कागद उलटून मागची कोरी बाजू पाहिली. "येवढं लिहून लिहून हेच मागून आणलंस व्हय रं," ती म्हणाली. तिचा आवाज चढला नाही. चढला असता तर मला बरे वाटले असते.

ज्याने कधी धंदा केला नाही त्याला खाते बंद होणे म्हणजे काय ते कळणार नाही. गिऱ्हाइकांच्या दप्तरी तोच खातेक्रमांक नोंदलेला. तो बदलायचा तर त्यांच्याकडे पुरवठादार म्हणून कंपनीची नोंदणी पुन्हा पहिल्यापासून, आणि ती होईपर्यंत पेमेंट अडकलेले. कामगारांचे पगार त्यातूनच जात, विजेचे बिलही त्यातूनच. नवे खाते उघडण्यास आम्ही जेथे गेलो तेथे पहिला प्रश्न ठरलेला होता : जुनी बँक का सोडता? दाजींना खोटे बोलता येईना, म्हणून ते पत्रच पुढे करीत. समोरचा मनुष्य ते वाचून, घडी जशी होती तशी पुन्हा घालून परत देई. खाते कोठेही उघडले नाही. मीही लिहून द्या म्हणालो नाही.

दाजी क्रिप्टोचे नावही काढीनासे झाले. भाव किती चढला हे शेजारी गाळ्याच्या दारात उभा राहून सांगे, तेव्हा दाजी प्रेसचा दांडा ओढीत राहत. दुपारी डबा उघडत आणि तसाच झाकत. शेवटी त्यांनीच मला विचारले, "पाव्हणं, मागं घेता येतं का ओ लिहिलेलं?"

मुदत संपायच्या आत आम्ही पुन्हा शाखेत गेलो. मॅनेजरबाईंनी आम्हाला बसायला सांगितले आणि आवाज खाली आणला.

"हमीपत्र द्या. सगळे अर्ज मागे घेतले म्हणून लिहा, पुढे कधी करणार नाही म्हणून लिहा. मी स्वतः वर पाठवते. पण गॅरंटी नाही हं, काका."

त्यांच्याच टेबलाच्या कोपऱ्यावर मी ते लिहिले. माझ्या अर्जांत एकही विधान असत्य नव्हते, एकही कागद कमी नव्हता, हे मी आजही कोणासमोरही सांगेन. तरीही लिहिले की, कंपनी आभासी चलनाचा कोणताही व्यवहार करणार नाही, तत्संबंधीचे आमचे सर्व अर्ज व स्मरणपत्रे आम्ही मागे घेत आहोत आणि त्यामुळे बँकेस झालेल्या तसदीबद्दल दिलगीर आहोत. प्रतींची यादी घातली नाही. दाजींच्या सहीखाली मी संचालक म्हणून सही केली. 

बाईंनी शिक्का मारून पोच दिली.

"राहील का खाते?" मी विचारले.

"काय सांगू, काका. वरच्यांच्या हातात आहे."

तेवढे तरी कागदावर द्या, असे माझ्या ओठांपर्यंत आले होते. दाजींनी टेबलाखालून माझ्या गुडघ्यावर हात ठेवला आणि मी पोच घडी करून खिशात घातली. त्याच वेळी त्यांचा फोन वाजला. मोठ्या गिऱ्हाइकाच्या हिशेब खात्यातला मनुष्य होता. त्याचा आवाज मलाही ऐकू येत होता.

"शेठ, तुमचं पेमेंट सोडतोय आज. खातं तेच ना जुनं?"

दाजींनी मॅनेजरबाईंकडे पाहिले. बाई संगणकाकडे पाहत होत्या. मग दाजींनी माझ्याकडे पाहिले. 

"तेच," दाजी म्हणाले.