ऑक्सिजन ठीक, मासे मेलेले

मीटरवर आकडा चांगला आला आणि तेव्हाच मला भीती वाटायला लागली.

डीओ म्हणजे पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन. नाल्यात गटाराचं पाणी शिरलं की घाण कुजवणारे जंतू तो संपवतात आणि मासे गुदमरतात. भिवंडीच्या आसपास मी पाहिलेले बहुतेक मासे असेच मेलेले होते. इथे डोहभर मासे उलटे तरंगत होते, काहींची तोंडं अजून उघडमीट होत होती, आणि ऑक्सिजन मात्र ठीक होता. म्हणजे हे गुदमरणं नव्हतं. पाण्यातलंच काहीतरी त्यांना मारत होतं. काय, ते माझं मीटर सांगू शकत नव्हतं.

मी एका खाजगी लॅबमध्ये काम करते. वज्रेश्वरी रोडच्या आतल्या बाजूला गोडाऊनची वसाहत आहे, तिच्या मागून हा नाला जातो. वसाहतीच्या मालकांसाठी आम्ही ठरावीक महिन्यांनी त्याचे सॅम्पल घेतो. फील्डवर मी एकटी, आणि गाडी चालवणारे रईसचाचा. चाचा पूर्वी लूमवर होते. छातीत कापूस गेला म्हणून गाडीवर आले.

चाचा नाकाला रुमाल लावून काठावर उभे होते. "मॅडम, ये गटर की बदबू नहीं है. गटर को मैं पहचानता हूँ."

खरं होतं. वास रॉकेलसारखा होता आणि त्यात लसणासारखं काहीतरी मिसळलेलं. पाण्यावर पातळ तवंग. एक बेडूक नाही, एक चतुर नाही. नाल्याच्या वरच्या अंगाला भंगारचं कंपाउंड आहे. गोडाऊनमधले रिकामे निळे ड्रम तिथे येतात, धुतले जातात आणि पाणी साठवायला विकले जातात. ड्रमात आधी काय होतं, हे लेबल खरवडल्यावर कोणालाच कळत नाही. धुण्याचं पाणी नाल्यात जातं.

डोहात गुडघाभर पाण्यात तीन-चार बायका आणि एक म्हातारा मासे गोळा करत होते. ही शेजारच्या पाड्यावरची माणसं. बायका घाईघाईने, हसत, एकमेकींना चिडवत टोपल्या भरत होत्या. "अगं, दात काढतंस काय, मासा पळंल!" एक म्हणाली. मासा पळण्यातला नव्हता.

मला अनोळखी माणसांशी बोलणं जमत नाही. मी मनात वाक्य जुळवलं आणि विचारलं, "मावशी, पाण्यात कोणी काही टाकलंय का?"

हसणं थांबलं. पुढची बाई ताठ उभी राहिली. तिचं नाव ठकी, हे नंतर कळलं. "आमी न्हाय टाकला. वरच्या पाड्यानं गेळ टाकला असंल. आमाला नको विचारू."

टोपल्या डोक्यावर चढल्या. दोन मिनिटांत डोह रिकामा झाला. म्हातारा जाताना काठावरचे दोन मासेही उचलून घेऊन गेला.

गेळ हे रानातलं झाड. त्याची फळं ठेचून साचलेल्या पाण्यात टाकली की मासे गुंगतात आणि वर येतात. इकडच्या पाड्यांवर पिढ्यान्‌पिढ्या असेच मासे धरतात. खाणाऱ्याला काही होत नाही. पण त्यावरून कधीतरी कोणी साहेब येऊन ओरडून गेलेला असतो. पँट-शर्टातली मुलगी, हातात मशीन, आणि पहिलाच प्रश्न "कोणी टाकलं?" त्यांनी मला त्या साहेबांतलीच समजलं. मासे लपवायची सर्वांत चांगली जागा म्हणजे चुलीवरचं भांडं.

मी लॅबमधल्या सरांना फोन लावला.

"सर, डोहात मासे मेलेत. डीओ नॉर्मल आहे. पाड्यावरचे लोक मासे घेऊन गेले. त्यांना सांगू का, खाऊ नका म्हणून?"

"कशाच्या जोरावर सांगणार? रिपोर्ट आहे?"

"नाही."

"मग? आपण थर्ड पार्टी आहोत. रिपोर्ट क्लायंटला जाईल, ते बघतील. तू स्टेटमेंट द्यायचं नाही. सॅम्पल सील कर आणि निघ."

"सर, वास पेस्टिसाइडचा वाटतोय, पण टेस्टला वेळ लागेल. मासे आत्ता चुलीवर आहेत."

सर म्हणाले, "तुझा आवाज कटतोय."

माझा आवाज कटत नव्हता.

मी बाटल्या सील केल्या. सरांचं एक म्हणणं मला पटत होतं, आणि त्याचीच जास्त भीती वाटत होती. माझ्याकडे पुरावा नव्हता. गेळाने मेलेल्या माशांच्या पाण्यातही ऑक्सिजन ठीकच दिसला असता. राहिला वास. वासावर कोण जेवण टाकून देईल?

तेवढ्यात चाचांनी हाक मारली. करंजाच्या झाडाखाली एक बगळा उभा होता. पंख लोंबलेले, चोच उघडी, मान एका लयीत हलत होती. आम्ही जवळ गेलो तरी उडाला नाही. पाय दुमडले आणि तो आडवा झाला. चोचीतून माशाची शेपटी बाहेर दिसत होती.

मी दुसरे हातमोजे चढवले, बगळ्याला पॉलिथिनच्या पिशवीत घातलं आणि पाड्याची चढण चढले. चाचा मागून येत होते. "मॅडम, साहब ने मना किया ना?" एवढं म्हणाले, पण थांबले नाहीत.

ठकी अंगणातल्या चुलीपाशी होती. भांड्यावर झाकण. मला बघून ती आडवी उभी राहिली. "काय हाय? मासे न्हाय आमच्यात."

"मावशी, मी मासे न्यायला नाही आले. गेळाचे मासे बगळा खातो?"

"खातो की. टोपलीतून पळवतो मेला."

"मग मरतो का?"

तिची नजर माझ्या हातातल्या पिशवीकडे गेली. मी पिशवी खाली ठेवून उघडली. बगळ्याचा एक पाय अजून हलत होता. तोही थांबला.

ठकीने पायानेच भांडं चुलीवरून लोटलं. रस्सा राखेत चरचरला. "टाका गं! समदा भायेर टाका! कुत्र्याला पण देऊ नका!" ती घराघरापुढे ओरडत धावली आणि मध्येच थबकली. "म्हातारा!"

म्हातारा म्हणजे तिचा सासरा लखमा. बारके मासे पोट न काढता निखाऱ्यावर भाजून त्याने कधीच खाल्ले होते. तो घरामागे भिंतीला टेकून बसला होता. घामाने भिजलेला, तोंडातून लाळ गळत होती.

"पित्त झालाय," तो म्हणाला.

आम्ही त्याला गाडीत घातलं, बगळ्याची पिशवी डिकीत टाकली. ठकीही बसली. एक सील केलेली बाटली मी मांडीवर घेतली. नाक्यावर कंटेनरची रांग लागली होती. चाचांनी हॉर्नवर हात ठेवला तो काढलाच नाही. म्हाताऱ्याचा श्वास घरघरत होता. मी त्याचं मनगट धरून बसले होते. तेवढंच मला सुचलं. डिकीत तो बगळा आहे, हे त्याला माहीत होतं. मध्येच डोळे उघडून म्हणाला, "बाय, मेलो तर मना त्या बगळ्यासंगती नको ठेवू." ठकी हसली आणि लगेच रडायला लागली.

कॅज्युअल्टीतल्या डॉक्टरांनी म्हाताऱ्याच्या डोळ्यांत टॉर्च मारला. बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झाल्या होत्या.

"शेतीचं औषध प्यायलेत का?"

"नाही, मासे खाल्लेत," मी म्हणाले. बाटली पुढे केली आणि ऑक्सिजन, वास, ड्रम, बगळा सगळं एका दमात सांगितलं. सरांच्या भाषेत ते स्टेटमेंटच होतं. डॉक्टरांनी सील फोडून बाटली नुसती हुंगली आणि सिस्टरना इंजेक्शन भरायला सांगितलं. कीटकनाशकाच्या विषावर देतात ते. नंतर म्हणाले, विष फक्त माशांतून गेलेलं नाही, तासन्‌तास त्या पाण्यात उभं राहून कातडीतूनही गेलंय. मग बायकांनाही बोलावून तपासलं. दोघींना रात्रभर ठेवून घेतलं.

लखमा वाचला. काही दिवसांनी घरी गेला.

विषबाधा म्हणून हॉस्पिटलने पोलिसांना कळवलं, त्यामुळे सरकारी माणसं येऊन नाल्याचे वेगळे सॅम्पल घेऊन गेली. आमच्याही रिपोर्टमध्ये कीटकनाशक निघालं. भंगारचं कंपाउंड बंद झालं. वसाहतीचं कॉन्ट्रॅक्ट आमच्याकडून गेलं आणि बरेच दिवस सर माझ्याशी फक्त मेलवर बोलले. ड्रम धुण्याचं काम आता नाल्याच्या पुढच्या वळणावर चालतं, असं चाचा सांगतात.

आता मेलेले मासे दिसले की मी कोणी टाकलं हे विचारत नाही. कोणी खाल्लं, हे विचारते.

पावसाळ्यानंतर एकदा पाड्यावर गेले होते. डोहात पुन्हा मासे आले होते. ठकीला विचारलं, "धरता का?"

"धरतो. पयला बगळ्याला टाकतो. त्याला काय न्हाय झाला, तं मंग चूल पेटवतो."

लॅबच्या हिशेबाने ही टेस्ट नव्हे. विष हळू चढणारं असलं तर ती फसेल, हे मी तिला समजावून सांगितलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "मंग तुझा कागूद कवा येतो?"

मी खरं ते सांगितलं. आठवडा तरी लागतो.

तिने टोपलीतला एक मासा उचलून काठावर फेकला आणि आम्ही दोघी बगळ्याची वाट बघत बसलो.