फळ्या भरलेल्या, माल संपलेला

माझ्या मामाने आयुष्यभर एकच शब्द विकला, तो म्हणजे "संपलं." दुसरं काही विकल्याचं निदान आमच्या गल्लीत तरी कुणाला आठवत नाही. सरकारी सहकारी भांडाराचा हा व्यवस्थापक. काउंटरमागे हातांची खुर्ची, खुर्चीवर उशी आणि उशीवर मामा. गिऱ्हाईक दारात दिसायचा अवकाश, त्याने तोंड उघडायच्या आत याचं उत्तर तयार. डाळ असो, तेल असो, साखर असो, शब्द तोच. कधी येणार म्हणून विचारलं तर "आल्यावर." एवढं बोलून मामा पुन्हा पेपरात डोकं घालायचा. वजनकाट्यावर धूळ बसलेली असायची.

आता उगाच खोटं कशाला बोलू, सुरुवातीला ते खरंच असायचं. मालाचा ट्रक यायचाच नाही, आला तर अर्धा. तेव्हा बिचारा दिवसभर लोकांच्या शिव्या खाऊन "संपलं, संपलं" करत बसायचा. पुढे माल वेळेवर यायला लागला, पण जिभेला जे वळण लागलं ते लागलंच. शिवाय "आहे" म्हटलं की उठावं लागतं, पोतं सोडावं लागतं, तोलावं लागतं. "संपलं" बसल्या बसल्या म्हणता येतं.

समोरच्या किराणावाल्याचं तर यात भलंच होतं. मामाने वाटेला लावलेलं प्रत्येक गिऱ्हाईक रस्ता ओलांडून त्याच्याकडेच जाणार. तो मिशीतल्या मिशीत हसत भाव चढवायचा आणि मामाला रोज न चुकता चहा पाठवायचा. मामा म्हणायचा, काय माणुसकी आहे बघ! मामी कपाळाला हात लावायची. कारण सरकारी डाळीवर नवरा बसलेला असून ती स्वतः डाळ त्याच किराणावाल्याकडून आणायची. भाव चढत गेले तशी तिच्या पातेल्यातली डाळ पातळ होत गेली. शेवटी शेवटी तर वाटीचा तळ दिसायचा.

मग भाव इतके भडकले की सरकारलाही जाग आली. सुधारणा करायचं ठरलं. म्हणजे आधी रंग आला, मग नवी पाटी आली, मग एक कोवळा अधिकारी भाषण ठोकायला आला. सहकारी भांडारात माल कायम एकाच भावाने मिळाला की बाजाराला आपोआप वेसण बसते, असं त्याने हातवारे करून सांगितलं. त्यात चूक काहीच नव्हती. फक्त जाता जाता त्याने दम भरला, की तपासणीत ज्या भांडाराची फळी रिकामी दिसेल ते भांडार बंद, जागा भाड्याने आणि व्यवस्थापक घरी.

मामाची पाचावर धारण बसली. त्या संध्याकाळी तो आमच्याकडे आला आणि मला म्हणाला, "खुर्ची गेली तर मी करू काय गं? मला दुसरं काय येतं?" मी पहिल्यांदाच त्याला असं घाबरलेलं पाहिलं. वाईट वाटलं, खरंच.

पण वाईट वाटून घेण्यात अर्थ नव्हता, कारण मामाने लगेच तोड काढली. फळी रिकामी दिसायची नाही ना? मग विकायचंच नाही! त्याने डाळीच्या पुड्या एका रेषेत मांडल्या. तोपर्यंत ज्याने कधी फडकं हातात धरलं नव्हतं तो माणूस रोज सकाळी एकेक पुडी पुसायला लागला. बायका पिशव्या घेऊन यायच्या, समोर डाळीची भिंत उभी, आणि मामा शांतपणे "संपलं." एकीने फळीकडे बोट दाखवून जाब विचारला, तर म्हणतो कसा, "ते फळीवरचं आहे. फळीवरचं विकायचं नसतं."

गल्लीत बोंबाबोंब झाली. किराणावाल्याने भाव आणखी चढवला आणि चहाबरोबर बिस्किटं पाठवायला लागला. मामीने घरात भांडून पाहिलं, तर तिलाही नियमावर बोट.

अखेर खात्यातल्या मोठ्या अधिकारी बाई तपासणीला आल्या. मामीने मुद्दाम तीच वेळ साधली होती. ती पिशवी घेऊन दाराशी उभी आणि शेजारी मी. बाई फळ्या बघून हरखल्याच. पाटीवरचा भाव जुनाच, माल काठोकाठ. बरोबरच्या लोकांना म्हणाल्या, असं भांडार सगळीकडे हवं. मामा फुगून निम्म्याने वाढला. खुर्ची वाचली होती. बाईंनी आता जायला हवं होतं.

पण बाईंनाही घर होतं. त्यांनी पर्स उघडली आणि म्हणाल्या, "आले आहेच तर मलाही किलोभर डाळ द्या. बाहेर परवडत नाही हो."

"संपलं," मामा म्हणाला.

त्याचा हात तोंडाकडे गेला, पण उशीर झाला होता. बाईंनी फळीकडे बघितलं, मग मामाकडे. अगदी हळू विचारलं, "कधी येणार?"

"आल्यावर."

मामी पुढे झाली. "बाई, मी यांची बायको. मलाही हेच सांगतात."

बाईंनी तिथेच उभं राहून पुड्या खाली काढायला लावल्या. बातमी गल्लीभर पसरली, रांग वळणापर्यंत गेली आणि दिवे लागायच्या आत फळ्या साफ झाल्या. किराणावाल्याने आपल्या पाटीवरचा भाव फडक्याने पुसला आणि नवा लिहिला, बराच खालचा. कोवळ्या अधिकाऱ्याचं भाषण एका दुपारी खरं झालं, तेही कुणी ठरवलेलं नसताना.

मामाची बदली गोदामात झाली. तिथे कुणी काही मागायला येत नाही, म्हणून तो उदास असतो. चहाही बंद झाला. माणुसकी कुठे गेली, असं त्याने एकदा मला विचारलं.

परवा मी मामाकडे जेवायला होते. डाळ दाट झाली होती, मामा चवीने खात होता. त्याने वाटी पुढे केली.

"संपलं," मामी म्हणाली. पातेलं तिच्या पुढ्यातच होतं, काठोकाठ, वाफाळलेलं.

"अगं, समोर दिसतंय की!"

"ते पातेल्यातलं आहे. पातेल्यातलं वाढायचं नसतं."

मामा रिकामी वाटी धरून बसून राहिला. कोरडा भात त्याने नुसताच चिवडला. मग म्हणाला, "लोक फार चिडत असतील ना गं माझ्यावर?"

"चिडायचे ते नंतर," मामी म्हणाली. "आधी रिकामी पिशवी घेऊन घरी जायचे. मीसुद्धा."

आणि तिने पळी उचलली.