वरची दहा मिनिटं

उंचावरची ती माझी शेवटची पोस्टिंग. पोस्टवर आम्ही नऊ जण, मी हवालदार आणि पोस्ट कमांडर. माझं गाव माकणी. माझ्या हाताखालचा नाईक भैरवनाथ सोनारीचा, म्हणजे आपल्याच जिल्ह्याचा. मी त्याला भैरू म्हणायचो, तो मला दादा. बर्फात काय करायचात, असं लोक अजून विचारतात. खरं सांगायचं तर बर्फ काढायचो. छपरावरचा, वाटेवरचा, बंकरच्या तोंडावरचा. काढला की परत पडायचा. माझे गुडघे तिथंच गेले.

आठवड्यातून एकदा लिंक पेट्रोल निघायचं. आमचे तिघं खाली उतरायचे, खालच्या पोस्टचे वर यायचे, मध्ये गाठ घेऊन टपाल आणि औषधं बदलायचे. वाटेत एक नाला होता. नियम एकच, ऊन यायच्या आत नाला ओलांडायचा, कारण उन्हानं बर्फ सुटतो. म्हणून लिंक पहाटे पाचला निघायची. तिथं ऊन हाच सगळ्यात मोठा साहेब.

भैरू दहावी करून भरती झालेला. सुट्ट्या परीक्षेत घालवून त्यानं बारावी काढली. आता मुक्त विद्यापीठातून बी.ए.चं पहिलं वर्ष चालू होतं. पुस्तकं टपालानं यायची, उत्तरं टपालानं जायची. रिफिल गोठायची म्हणून पेन काखेत धरून बसायचा.

"भैरू, बी.ए. झाल्यावर बर्फ जास्त निघंल का रं?" मी चिडवायचो.

"दादा, पेन्शनीत आल्यावर बँकेच्या दारात बंदूक घिऊन हुभं ऱ्हायचं न्हाय मला. शाळंत शिकवायचंय."

त्या आठवड्यात दोन दिवस वादळ झालं. सगळे फावड्यावर होते. उत्तरं पाठवायची मुदत संपत आली होती आणि पुढची लिंक आठ दिवसांनी. चुकली तर वर्ष वाया. त्या पहाटे लिंकवर जायची पाळी त्याचीच होती. पावणेपाचला तो तयार होऊन माझ्यापुढं आला.

"दादा, एकच उत्तर ऱ्हायलंय."

मी घड्याळ बघितलं. सोळा वर्षांच्या नोकरीत मी लिंक कधी थांबवली नव्हती.

"सहाला निघायचं. एक मिनिट वर नाही."

तो स्टोव्हजवळ बसून लिहू लागला. सहाला मी आवाज दिला. "आलोच दादा, पाकीट डकवतोय." सहा दहाला लिंक निघाली. भैरू सगळ्यात मागं होता.

सात वाजून वीस मिनिटांनी बर्फ सुटल्याचा आवाज झाला. पुढचे दोघं नाला ओलांडून गेले होते, भैरू मधोमध होता. खालच्या पोस्टवरून सुभेदारसाहेब रेडिओवर आले.

"लिंक कब निकली? ओव्हर."

"छह दस, साहब. ओव्हर."

"छह दस? क्यूँ?"

"ऊपर कोहरा था, साहब."

त्यांनी मानलं. लॉगबुकात मी 'धुक्यामुळे उशीर' असं लिहिलं. आभाळ लख्ख होतं.

भैरू दुपारी एक चाळीसला बर्फाखाली सापडला. जॅकेटच्या आत पॉलिथिनमध्ये दोन पाकिटं होती, कोरडी. एक विद्यापीठाचं, एक सोनारीचं, बायकोला. दोन्ही मी स्वतः टपालात टाकली.

त्याच्या वर्षश्राद्धाला सोनारीला गेलो. त्याची बायको सुमन नववीत शाळा सुटलेली. म्हणाली, "भाऊजी, मला शिकता यील का आता?" मी तिला दहावीचा सतरा नंबरचा फॉर्म आणून दिला. म्हणजे शाळेत न जाता बाहेरून परीक्षा. दहावी झाली, बारावी झाली, मग तेच मुक्त विद्यापीठ. पेन्शन घेऊन आल्यापासून परीक्षेच्या दिवशी मी माकणीहून धाराशिवला येतो आणि एस.टी. स्टँडवर तिची वाट बघतो. लोक म्हणतात, माणूस असावा तर असा. ते ऐकून मला कुठंतरी तोंड लपवावंसं वाटतं.

या वर्षीचा तिचा शेवटचा पेपर झाला. सगळे बाहेर आले, ती सगळ्यात शेवटी आली. कॉलेजच्या लिंबाखाली बसलो. मी थकलो होतो. वाटेनं नाही, त्या धुक्यानं. सगळं सांगून टाकलं. पाचची वेळ कुणी चुकवली, धुकं कुणी लिहिलं.

ती पदराला शाईचं बोट पुसत राहिली.

"म्हाईत हाय मला, भाऊजी."

"कुणी सांगितलं?"

"त्येंनीच. पत्रात हुतं. दादानं तासभर दिला, उत्तर झालं. आता दादा हाका मारतेत, पर दहा मिनटं तुला लिव्हतो आन मंग निघतो."

पाकीट डकवतोय म्हणाला होता तो.

"तास तुमचा असंल," ती म्हणाली. "वरची दहा मिनटं माझी हायती. इतकी वर्सं म्या तरी कुठं कुणाला सांगितली?"

परांड्याची गाडी लागली. तिला बसवून दिलं.

पलटणीच्या कागदांत भैरूचं शिक्षण दहावीच राहिलं, आणि लॉगबुकात धुकं. ते आता माझ्या हातात नाही. इथं लिहितो. नाईक भैरवनाथ, सोनारी, तालुका परांडा. बारावी पास, बी.ए. चालू. लिंक सहा दहाला निघाली. धुकं नव्हतं.