मिरचीचे हात आणि नातीची पाठ

आम्ही दोघांनी मिळून शेवटचं काम केलं ते मिरचीचे देठ खुडायचं. रनाळ्याला आमच्या ओट्यावर सकाळपासून बसलो होतो. बायको शिंकत होती, मी शिव्या देत होतो. थोड्या मिरचीला, जास्त नातीला.

नात बाळंतपणाला आमच्याकडे आली होती. नंदुरबारच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, कमरेत सुई देते, कळा सोसतील. ही नको म्हणून आली. मी म्हटलं, डोकं फिरलंय का? टाळता येतं ते दुखणं कोण घेतं?

"बाबा, मांगला वखत माले भूल दिधी," ती म्हणाली. "उठनू तं पोट रिकामं. यावखत माले समदं समजाले जोयजे."

मागच्या खेपेला तिचं पाचव्या महिन्यात गेलं होतं. या सुईने झोप लागत नाही, जागीच राहशील, हे डॉक्टरीणबाईंनी तिला सांगितलं होतं. तिला ते पटलंही होतं. तरी नकोच, कळसुद्धा झाकली जायला नको म्हणे.

मी परत तोंड उघडलं तशी बायको म्हणाली, "तिन्हं दुखनं शे, तिलेच ठरवू द्या. तुम्हीन तं तवय पळी गयथात."

खरं होतं. आमच्या पहिल्या पोराच्या वेळी तिचं ओरडणं ऐकवेना म्हणून मी शेतात जाऊन बसलो होतो. तिने ते जन्मभर ऐकवलं.

दुपारी नातीला कळा लागल्या. बायकोने साबणाने दोनदा हात धुतले, गाडी केली, नंदुरबारला दवाखान्यात गेलो. आत एकाच बाईला सोडतात. ती आत तेलाने नातीची पाठ चोळायला, मी बाहेर बाकावर.

थोड्या वेळाने आतून किंकाळी. "बळनी व माय, मन्ही पाठ बळनी!"

नर्स धावली. "ताई, देऊ का आता सुई? अजून वेळ आहे."

"सुई नको! आजीले बाहेर काढा!"

नखात राहिलेली मिरची तेलाबरोबर पाठभर झाली होती, पाठीची नुसती आग होत होती. बायको हात पदरात लपवून दारात आली आणि माझ्यावरच डाफरली, "देखत काय बसनात? ताक आना!"

मी पळत चहाच्या टपरीवर गेलो, ताकाची पिशवी आणली. नर्सने वास घेतला. "आजोबा, हे मसाल्याचं आहे. यात मिरची आहे!"

डॉक्टरीणबाई हसता हसता खुर्चीत बसल्या. शेवटी थंड दूध आणलं. नर्स त्याने पाठ पुसत होती आणि नात हसत होती, हसतानाच कळ आली की आईबाप काढत होती. बाहेर मला दोन्ही ऐकू येत होतं. कान झाकावेसे वाटले, नाही झाकले.

दिवस मावळताना पोरगी झाली. काळी, भरल्या केसांची. नातीने माझ्याकडे बघून म्हटलं, "बाबा, समदं समजनं." घामाने चिंब होती आणि नुकतं कुस्तीचं मैदान मारल्यासारखी दिसत होती.

संध्याकाळी तिची आई येऊन पोचली, ती नातीजवळ थांबली. आम्ही दोघं घरी आलो. बायकोने चहा घेतला, भिंतीला टेकली, म्हणाली, "ऐरीगैरी नही, बेस पोर शे." मी कप विसळून आलो तर मान एका बाजूला पडली होती. हाक मारली, हलवलं. गेली होती.

गल्लीतल्या बाया जमल्या. सगळ्यांचं एकच, ओल्या बाळंतिणीला सांगू नका, दूध आटेल. आजीला ताप आलाय म्हणा, सव्वा महिन्याने बघू. मीही हो म्हटलं.

पण डोळ्याला डोळा लागला नाही. त्या पोरीने एवढ्या कळा घेतल्या त्या तिच्यापासून काही लपू नये म्हणून. आणि तिची आजी तिला न कळता जाळायची? ते मला जमेना.

मुलगा सुरतेहून दुपारी पोचणार होता, तोवर तिला उचलणार नव्हते. सकाळी बायांना म्हटलं, तिच्याजवळ बसा. सुतकात बाळंतिणीकडे जात नाहीत म्हणून एक जण बोलली, तिला बोलू दिलं. पहिल्या एसटीने नंदुरबारला गेलो, नातीच्या खाटेवर बसलो आणि सांगितलं. ती गळा काढून रडली. मग पोरगी रडली. नातीने तिला पदराखाली घेतलं, ती प्यायला लागली, आणि नात रडतच मला विचारायला लागली, आजी शेवटी काय म्हणाली. मी सगळं सांगितलं.