तबकडी स्वित्झर्लंडची

आपलं पेन जर्मनीचं आहे, असं वर्धा जिल्ह्यात ज्या एकाच माणसाला सांगू नये, नेमकं त्यालाच मी ते सांगितलं. तेही नवा जावई म्हणून पहिल्यांदा त्यांच्याकडे जेवायला गेलो असताना, पाटावर बसल्याबसल्या. त्यांनी वरणभात कालवता कालवता डावा हात पुढे केला, माझ्या खिशातलं पेन घेतलं आणि उजेडात धरून टोपीपासून निबेपर्यंत निरखलं. मग म्हणाले, "टोपी मुंबईची. नळी बी मुंबईची. निब तेवढी जर्मनीची. म्हणजे जवाईबुवा, लिहिते जर्मन अन् शाई सांडते आपला." मी खाली पाहिलं. लग्नातल्या कोऱ्या सदऱ्यावर खिशापासून पोटापर्यंत निळी नदी वाहत होती.

हे माझ्या बायकोचे मामाजी. देवानं पहिला माणूस घडवला तेव्हा मामाजी जवळपास असते, तर माती कुठून आणली हे त्यांनी देवाकडून लिहून घेतलं असतं. मूळचे वडनेरचे, घरी शेती. पण हात नांगरापेक्षा चिमट्यावर बसला, म्हणून त्यांनी वर्ध्याला कापूस बाजाराच्या रस्त्यावर घड्याळदुरुस्तीचं दुकान टाकलं. आपल्या दुकानाच्या पाटीवरसुद्धा त्यांनी खाली बारीक अक्षरांत लिहून ठेवलं होतं : 'पत्रा भिलाईचा, रंग नागपूरचा, अक्षर माझं.'

ते दिवस फॉरेनच्या मालाचे होते. वस्तू चालते की नाही हे कोणी विचारत नसे. वर काय छापलंय ते आधी वाचत. कोणाचा साडू मुंबईला जाऊन आला की साबणाचा रिकामा कागदसुद्धा महिनाभर कपाटाच्या काचेत उभा असे. मामाजींना हे सोसत नसे. "छापलं ते झाकणाचं गाव," ते म्हणत. "आतल्याचं गाव आत पायल्याबिगर कसं समजन?" म्हणून त्यांच्या हाताखालून गेलेल्या प्रत्येक घड्याळासोबत एक चिठ्ठी जायची. तबकडी अमुक देशाची, चाकं तमुक, काटे अमके, पट्टा कानपूर. आणि शेवटची ओळ कायमची ठरलेली : 'चालू केलं : वर्धा.'

एकदा एक कापसाचे व्यापारी मनगटावर जपान मिरवत आले. मामाजींनी डोळ्याला भिंग लावून झाकण उघडलं आणि चिठ्ठी लिहिली : 'तबकडीवर जपान. आत जपानची तीन चाकं. बाकी चाकांची एकमेकांशी ओळख नाही.' व्यापारी चिडले. "मामाजी, चिठ्ठी राहू द्या, नुसतं घड्याळ द्या."

"चिठ्ठी घड्याळासंगंच जाईन. नाई तर दोघंबी इथंच राहू द्या."

"अहो, चारचौघांत मी जपान सांगितलं हाये!"

"मंग चारचौघायले घेऊन या. मी चार चिठ्ठ्या देतो."

असल्या स्वभावानं दुकानात गर्दी होईना, पण ते कधी बधले नाहीत. आणि हा स्वभाव दुकानापुरता नव्हता. दिवाळीच्या चिवड्याची बशी पुढे आली की ते पोहे, दाणे, खोबरं यांची गावं विचारत, आणि मामीजी आतून ओरडत, "मीठ समुद्रातलं हाये, खा मुकाट्यानं!" मी मुलगी पाहायला गेलो होतो तेव्हाही बाकी मंडळी शिक्षण, स्वयंपाक सांगत होती, आणि मामाजी भाचीकडे बोट दाखवून म्हणाले, "नाक वडनेरचं, मायकडलं. उंची हिंगणघाटची, बापाकडली. राग कुठून आला ते मात्र अजून सापडलं नाई." त्याचा पत्ता पुढे मला लागला. तो बहुधा माझ्याकडे येण्याची वाट पाहत होता.

आता मुख्य भानगड. लग्नानंतर महिन्याभरात, आषाढाच्या शेवटी, मी बायकोला एक मनगटी घड्याळ दिलं होतं आणि सांगितलं होतं की, ओळखीच्या एका साहेबांकरवी खास स्वित्झर्लंडहून मागवलंय. खरं म्हणजे ते मी नागपूरला स्टेशनाबाहेर एका खाटेवर पसरलेल्या रुमालावरून उचललं होतं. तबकडीवर मात्र स्वित्झर्लंड होतं, तेही सोनेरी अक्षरांत. हिनं ते हळदीकुंकवाला मिरवलं, माहेरी मिरवलं. आणि मी रोज सकाळी सेलूच्या बसला निघताना, शेजाऱ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात विचारायचो, "अवं, स्विस घड्याळात किती वाजले?" ती वेळ सांगायची आणि बस बरोबर मिळायची. बारा वर्षं माझी सगळी अब्रू त्या सोनेरी अक्षरांवर टांगलेली होती. म्हणून घड्याळ बिघडलं की मी ते मुद्दाम नागपूरला नेत असे. बोरगाव मेघेतल्या आमच्या घरापासून मामाजींचं दुकान सायकलवर दहा मिनिटं!

आणि एक दिवस हिच्या भाचीच्या लग्नाच्या दोन दिवस आधी घड्याळ बंद पडलं. "नागपूर कायले?" ही म्हणाली. "मामाजीकडं देऊन या." नाही म्हणायला मला कारण सापडेना.

मामाजींनी झाकण उघडलं. चिमटा इकडून तिकडे फिरला. त्यांनी कागद पुढे ओढला तेव्हा मी चक्क त्यांचा हात धरला. "मामाजी, या खेपेले चिठ्ठी राहू द्या."

"काऊन?"

मी सगळं सांगून टाकलं. साहेब, रुमाल, खाट. म्हणालो, "तिले समजलं तर मी बारा वर्षांचा खोटा ठरतो."

मामाजींनी डोळ्याचं भिंग काढून माझ्या हातात दिलं आणि घड्याळाचं झाकण उलटं धरलं. "पाहा. काय दिसते?"

"ओरखडे."

"नीट पाहा. दुरुस्त करणारा आतून आपली खूण करते, अन् सोबत महिना-साल लिहिते. हे वरचे तुमच्या नागपूरवाल्याचे. सगळ्यात खालचा कोणाचा हाये?"

खालचा ओरखडा मामाजींच्या खुणेचा होता. साल आमच्या लग्नाचं, महिना श्रावण. म्हणजे मी दिल्यावर पंधरा दिवसांत ते घड्याळ इथे येऊन गेलं होतं.

"कोण घेऊन आलं होतं?" मी विचारलं.

"मी नाई सांगत," मामाजी म्हणाले. "झाकणानं सांगितलं तेवढं पुरे." आणि त्यांनी शांतपणे चिठ्ठी लिहून, घडी घालून, घड्याळासोबत माझ्या खिशात घातली.

वाटेत ती चिठ्ठी फाडावी म्हणून मी तीनदा सायकलवरून उतरलो आणि तीनदा पुन्हा चढलो. घरी आल्यावर तिच्या हातात दिली. तिनं ती न वाचताच कुंकवाच्या डब्यात ठेवली. दुसऱ्या दिवशी सकाळी सवयीनं माझ्या तोंडून निघून गेलं, "स्विस घड्याळात किती वाजले?" आणि तिनं वेळ सांगितली.

पुढच्या वर्षी मामाजी गेले. पाटी काही दिवस होती, मग तीही उतरली. आता घड्याळ बिघडलं तर ते चालू करणारे पुष्कळ आहेत, पण आत कोण कुठून आलंय याची चौकशी कोणी करत नाही. तेरवीहून घरी आलो त्या संध्याकाळी हिनं कुंकवाचा डबा उघडला आणि दोन्ही चिठ्ठ्या माझ्यापुढे ठेवल्या. जुनी पिवळी पडली होती, पण मजकूर दोन्हींत एकच. 'तबकडी : स्वित्झर्लंड. यंत्र : तीन घड्याळांचं, गाव सापडत नाही. काटे : जपान. बारा तासांत दहा मिनिटं मागं पडणार, इलाज नाही. चालू केलं : वर्धा.' आणि त्याखाली आणखी एक ओळ : 'देणारा : इथलाच. अस्सल.'

मी शेवटची ओळ दोनदा वाचली. मग विचारलं, "मंग इतकी वर्षं तू बोलली काऊन नाई?"

तिनं चिठ्ठ्यांची पुन्हा घडी घातली. "रोज संध्याकाळी रेडिओच्या बातम्यांवर घड्याळ लावत होती मी," ती म्हणाली. "अन् सकाळी तुम्ही विचारलं की दहा मिनिटं मिळवून सांगत होती. तुमची बस चुकली का कधी?"